हिशेब पाण्याचा, जागा हवेची

"चालतंय ना? मग हात नको लावू!" हे आमच्या आयटीवाल्यांचं आवडतं वाक्य. या शनिवारी प्रोटॉन थेरपीचा इतिहास वाचत बसलो, तर तिथेही तेच!

लॉस अलामोसमध्ये अणुबाँबवर काम केलेल्या रॉबर्ट विल्सनने १९४६ मध्ये एक छोटासा लेख लिहिला. क्ष-किरण गाठीच्या पलीकडेही मारा करत जातात. प्रोटॉन मात्र ठराविक खोलीवर थांबतो आणि थांबायच्या जरा आधी सगळ्यात जास्त ऊर्जा टाकतो. गाठीत थांबवला की पलीकडचा भाग वाचला. १९५४ मध्ये बर्कलेला पहिल्या पेशंटवर उपचार झाले.

मग प्रॉब्लेम काय? 'नेमका कुठे थांबतो' हाच! पाण्यात गणित सोपं. पण फुप्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज, घनता पाण्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. पाण्यातली १ मिलिमीटरची चूक तिथे ३-४ मिलिमीटर होते. त्यात श्वासाबरोबर गाठ हलते ती वेगळीच.

१९९० च्या दशकात कॉम्प्युटरवर 'पेन्सिल बीम' पद्धत रुळली. मोठ्या झोताचे बारीक झोत करायचे, प्रत्येकाच्या मधल्या रेषेवर काय लागतं ते सीटी स्कॅनमध्ये बघायचं आणि आजूबाजूलाही तसंच आहे असं धरून चालायचं. झटपट काम. पण छातीच्या भिंतीत किंचित वाकडे झालेले प्रोटॉन पुढे विरळ फुप्फुसात पांगतात. त्यातले काही गाठीपर्यंत पोचतच नाहीत. स्क्रीनवर मात्र पोचलेले दिसतात!

दुसरी पद्धत होती मॉन्टे कार्लो. एकेक प्रोटॉन घ्यायचा, पावलोपावली फासे टाकायचे आणि तो कुठे जातो ते बघायचं. गंमत म्हणजे स्टॅनिस्लॉ उलामला ही कल्पना १९४६ मध्येच सुचली, आजारपणात पत्ते लावता लावता. खुद्द विल्सनने १९५२ मध्ये एका फिरत्या पिंपाच्या मदतीने तीच पद्धत वापरली होती, अर्थात वेगळ्या प्रश्नासाठी. पण पेशंटसाठी लाखो प्रोटॉन मोजायचे म्हणजे तासन् तास. म्हणून शॉर्टकट टिकला.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने फुप्फुसाच्या प्रतिकृतीत प्रत्यक्ष मोजलेला डोस ताडून पाहिला. जुन्या पद्धतींनी गाठीच्या मध्यावरचा डोस सरासरी सुमारे ७ टक्के जास्त दाखवला होता. मॉन्टे कार्लोची सरासरी चूक २ टक्क्यांच्या आत. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ही तूट गाठीच्या वाट्याला येते. एवढ्यावर काही पेशी तगू शकतात, आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार!

आता जीपीयूमुळे तेच गणित मिनिटांत होतं. २०२३ पासून खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रातही प्रोटॉन उपचार सुरू झाले आहेत, त्यामुळे हा विषय आता आपल्यापासून लांबचा राहिलेला नाही.

शॉर्टकट घेणारे मूर्ख नव्हते. त्यांच्या मशीनवर तेवढंच जमत होतं. फक्त मशीन बदलली तरी ते 'धरून चालू' तसंच राहिलं. सोमवारी ऑफिसला गेलो की माझ्या कोडमधले 'धरून चालू' आधी शोधणार आहे. तुम्हीही बघा.