गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्याकडे : कल्याणची पहिली गलबते

मराठी आरमाराचा विषय निघाला की सिंधुदुर्ग, कुलाबा, विजयदुर्ग ही नावे सहज ओठांवर येतात; कल्याण-भिवंडीची आठवण मात्र क्वचितच होते. वास्तविक या आरमाराची पहिली बांधणी उघड्या समुद्राच्या काठी झाली नाही, तर समुद्रापासून बऱ्याच आत, खाडीच्या चिखलात झाली. तेथे तयार झालेले लाकूड खाऱ्या पाण्यात कसे न्यावे, हा प्रश्न शिवछत्रपतींपुढे प्रथम याच ठिकाणी उभा राहिला. तो जितका सुतारांचा होता, तितकाच तो राजकारणाचाही होता.

१६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी ही आदिलशाहीची ठाणी महाराजांच्या हाती आली. मागे सागवानाचे रान आणि पुढे जुन्या नांदत्या बंदराचा धक्का, अशी ही जोड होती. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी कल्याणापाशी भरतीच्या पाण्याला भेटते, ठाण्याला उत्तरेकडून वळसा घालते आणि घोडबंदरावरून वसईपाशी समुद्रास मिळते. पावसाळ्यात या खाडीचे पाणी गोडसर असते. पाऊस सरला की खार वर चढू लागतो. आमचे जे वाचक कलकत्त्यास नोकरीनिमित्त राहिले आहेत, त्यांनी भरतीची वाट पाहत थांबलेल्या आगबोटी हुगळीत पाहिल्या असतील. नदीतील बंदराचे सुख आणि दुःख त्यांना वेगळे सांगावयास नको.

अशा बंदरात गलबत बांधणे सोयीचे असते. लाकूड नदीकाठीच मिळते, आणि वादळाचा मारा तेथवर पोचत नाही. लाकूड पोखरून त्याची चाळण करणारा समुद्रातील किडाही गोड्या पाण्यात तग धरीत नाही. परंतु गलबत खाली न्यावयाचे ठरले की हीच सुरक्षितता संपते. म्हणून निघण्यापूर्वी तळाच्या फळ्यांमधील प्रत्येक सांध बुजवावी लागे. काथ्या अथवा कापूस ठासून त्यावर राळ आणि तेल यांचा लेप द्यावा लागे. गोड्या पाण्याहून खारे पाणी घनतेने सुमारे अडीच टक्के अधिक असल्यामुळे नदीत खोल बसणारे तारू समुद्रात किंचित वर उचलले जाते. लाटांवर ते कलंडू नये म्हणून पोटात नीरम भरावे लागते. पण तेही बेताने, कारण वाटेतील उथळ जागी तळ घासता कामा नये. मग डोलकाठी आणि शीड, सुकाणू आणि नांगर, गोड्या पाण्याची पिंपे, आणि लढाऊ गलबत असेल तर तोफा व दारूगोळा. एवढे झाल्यावर उधाणाची भरती पाहावयाची, ओहोटी लागताच तिच्या ओढीने खाली सरकावयाचे, आणि ऋतूही पाहावयाचा. नारळी पौर्णिमेपूर्वी आपले दर्यावर्दी समुद्रात तारू लोटीत नाहीत, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

ही सारी तयारी मनुष्याच्या हातची. परंतु खाडीचे तोंड दुसऱ्याच्या हातात होते. वसईचा कोट पोर्तुगीजांचा, ठाणे आणि साष्टी त्यांचीच. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक तारवाने आपला परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतलाच पाहिजे, हा त्यांचा दीडशे वर्षांचा हट्ट होता. कचेरीत बसणाऱ्यास हे चटकन उमजेल : सर्व काम आपल्या दप्तरी पूर्ण व्हावे आणि अखेरची सही मात्र ज्याला ते काम होऊच नये असे वाटते त्याच्याकडे असावी, असा हा प्रकार होता.

बांधणीच्या कामावर महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कसब्यास आणि त्याच्या माणसांस ठेविले होते. ही गलबते दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असे सांगण्यात येत होते. पण पोर्तुगीजांचा त्यावर भरवसा नव्हता. १६५९ च्या ऑगस्टमधील गोव्याच्या पत्रव्यवहारात त्यांची चिंता स्पष्ट उमटली आहे. शहाजीचा पुत्र कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधवीत आहे आणि ती बाहेर पडू देऊ नयेत, असा वसईच्या कप्तानास हुकूम आहे, असा त्याचा आशय होता. पुढे वसईच्या अधिकाऱ्यांनी व्हिएगस व त्याच्या लोकांची समजूत घातली, आणि ते काम टाकून निघून गेले. याच सुमारास अफजलखानाची स्वारी अंगावर आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या अडचणीचे वजन कळते. १६६१ च्या मे महिन्यात तर खुद्द कल्याणच मोगलांनी घेतले.

येथे एखादा सामान्य पुरुष थांबला असता. महाराजांनी मात्र आरमार सोडले नाही. एकाच खाडीवरचा भार सोडला. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणपाशी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. तेथे दुसऱ्याच्या कोटाखालून जाण्याचे कारणच उरले नाही. गलबत जेथे उभे राही, तेथूनच समुद्र सुरू होई. पुढच्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीस समुद्रमार्गे गेले. कारवारकर इंग्रजांनी त्या ताफ्यात पंच्याऐंशी लढाऊ गलबते व तीन मोठी जहाजे असल्याचे लिहून ठेविले आहे. खाडीत काम अडल्यावर पुरती सहा वर्षेही लोटली नव्हती.

वसईच्या तोंडाची गोष्ट मात्र एवढ्यावर संपली नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि कल्याणच्या खाडीचे दार, त्या हुकुमानंतर ऐंशी वर्षांनी, मराठ्यांच्या स्वाधीन झाले. पण अवघ्या सतरा वर्षांनी, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि ते जाळणाऱ्या इंग्रजांशी पेशव्यांनी हातमिळवणी केलेली होती. दार हाती आले, तेव्हा त्यातून बाहेर पडण्याची आकांक्षा क्षीण झाली होती. पहिल्या गलबतांच्या वेळी दार बंद होते, पण आकांक्षा जागी होती. या दोहोंत राज्याला अधिक जरुरीचे काय, याचा निवाडा आपल्या इतिहासानेच करून ठेविला आहे.