पेटी, गिटार आणि शनिवारची बैठक

आमच्या फलटणात शनिवारी रात्री जेवणे आटोपली की चार-सहा माणसे एका घराच्या ओसरीवर जमतात. कुणाच्या काखेत तबल्याची जोडी असते, कुणाच्या खिशात टाळ, आणि घरातली पेटी तर आधीपासूनच सतरंजीवर येऊन बसलेली असते. ही बैठक कुणी सुरू केली, कधी केली, याची नोंद नाही. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, आणि सुदैवाने अहवालही नाही. माझ्या वडिलांच्या वेळी ती होती आणि माझ्या पायांनी आता मांडी घालायला नकार दिला तरी ती आहे. मी खुर्चीवर बसून पेटी वाजवतो, एवढाच काय तो कालमानाप्रमाणे झालेला बदल.

यात गवई असा कुणी नाही. तबला वाजवणारे औषधांचे दुकान चालवतात, गाणारे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि तंबोरा धरून बसत ते आमचे मास्तर शाळेत भूगोल शिकवीत. आमचे गाणे तिकीट लावून कुणी ऐकणार नाही. फुकटही फार कुणी ऐकत नाही. तरी शनिवार चुकला तर आठवडाभर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

या बैठकीत एकदा तट पडायची वेळ आली होती. कारण झाले एक गिटार. तबलेवाल्यांचा नातू पुण्याला शिकायला होता. सुटीत आला तो पाठीला गिटार अडकवून. "आजोबा, मी बसू का तुमच्यात?" त्याने विचारले. आजोबा काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "बाळ, ऐकायला जरूर बस. पण हे वाद्य आपलं नव्हे. पडदे पक्के बसवलेले, सूर विलायती. आपल्या अभंगात ते काय करणार?" मुलगा गप्प बसला. दुसऱ्या शनिवारी तो आला नाही, आणि नातू नाही म्हणून आजोबांचाही तबला आला नाही. त्या रात्री आम्ही ठेक्यावाचून गायलो. ते कसे झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मला मात्र रात्रभर एकच गोष्ट टोचत राहिली. "सूर विलायती" हे शब्द मास्तर उच्चारीत होते तेव्हा माझी बोटे कशावर होती? पेटीवर! आणि पेटी कुठली?

पेटीची जन्मकथा मोठी मौजेची आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात आले. पण आपली मैफल जमिनीवर बसणारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायांचे काम डाव्या हाताला दिले, भाता मागच्या बाजूस नेला आणि पेटी सतरंजीवर आणून बसवली. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने सूर. आपल्या गाण्याला एका वेळी एकच स्वर लागतो, तेव्हा दुसरा हात मोकळा होताच! पेटीने मांडी घातली त्या दिवशी ती निम्मी आपली झाली असे मला वाटते.

उरलेली निम्मी तिला महाराष्ट्राने आपली केली. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला, १८८३ साली कोल्हापुरात गायन समाज देवल क्लबाचा पाया पडला. प्रतिष्ठित घरांतल्या माणसांनी गाणे ऐकावे, शिकावे, चारचौघांत बसून त्याचा आनंद घ्यावा, ही गोष्ट तेव्हा आजच्यासारखी सोपी नव्हती. त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाटकाची पदे घराघरांत शिरली. पदे आली की ती म्हणून पाहावीशी वाटतात, आणि म्हणायची तर सुराला काहीतरी आधार हवा. सारंगी शिकायला आयुष्य जाते. तंबोरा लावायला कान तयार लागतो. पेटीचे तसे नाही. पट्टी दाबली की सूर ठरलेल्या जागी हजर. वकील, मामलेदार, शिक्षक, दुकानदार या साऱ्यांना ती वाट मोकळी झाली. हौशी माणसाचे वाद्य म्हणून पेटीचे उपकार मोठे आहेत.

आणि हौशी म्हणजे कच्चा असेही नाही. गोविंदराव टेंबे यांचेच पाहा. कोल्हापूरच्या या गृहस्थाने पेटी जवळजवळ आपली आपणच शिकून घेतली, पुढे भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात ती गायकी अंगाची केली, १९११ साली 'मानापमाना'ला चाली दिल्या, १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. आणि पु. ल. देशपांडे? लेखणीसाठी ते जगाला ठाऊक, पण मित्रांच्या बैठकीत पेटी पुढे ओढून घेणारे पु. ल. हे आम्हां पेटीवाल्यांचे खरे कुलदैवत.

असे असले तरी मास्तरांचा आक्षेप पोकळ नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पेटीत एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. साहेबाला एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उडी मारायची असते, म्हणून त्याने ही समान वाटणी केली. पण निसर्गाची वाटणी अशी सारखी नाही. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली तर तंबोऱ्याच्या झणकारातून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ३०० वर येतो. पेटीचा गांधार मात्र ३०२च्या थोडा वर असतो. सव्वादोन-अडीच कंपनांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण तंबोरा आणि पेटी एकत्र वाजवून गांधारावर थांबा, म्हणजे दोन्ही सूर एकमेकांशी कुरकुरताना ऐकू येतील. शिवाय मींड नाही, आंदोलन नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जायचे ते जिना उतरल्यासारखे. घसरगुंडीची सोय नाही.

हे दुखणे काढायचा पहिला मोठा खटाटोप आमच्याच भागातल्या एका माणसाने केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवलांचे वडील बंधू. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रा करतात. यांनी बावीस श्रुतींचा हिशोब मांडला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरेल गवई प्रयोगासाठी लाभला. १९१० साली देवलांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचा मुलकी सेवेतला साहेब त्यांच्या नादी लागला आणि दोघांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी तयार करवली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तिथे ही पेटी मांडली गेली. भातखंडे समोर होते. गवयांच्या गळ्याशी ती ताडून पाहिली गेली, वाद रंगला, आणि श्रुतिपेटी काही मान्य झाली नाही. निवृत्तीनंतरच्या हौसेतून एक माणूस साऱ्या हिंदुस्थानच्या पंडितांसमोर आपले वाद्य घेऊन उभा राहिला. तो हरला असेल; पण अशा हरण्याला मी फुकट गेले म्हणणार नाही.

पुढे तर पेटीवर खरेच गंडांतर आले. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीविषयीची आपली नावड कळवली, आणि त्याच वर्षी १ मार्चपासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. हा वनवास तीस वर्षांहून अधिक टिकला. १९७१ साली कुठे बंदी सैल झाली. म्हणजे माझे सारे बालपण या बंदीत गेले! १९६३ साली सांगली केंद्र सुरू झाले तेव्हा शेजारच्या घरातल्या रेडिओभोवती आम्ही मुले गर्दी करून बसत असू. रेडिओवर गवयाच्या मागे सारंगी वाजे, आणि ओसरीवर वडिलांच्या मागे पेटी. सरकारने जिला नालायक ठरवले ती आमच्या घरात रोज संध्याकाळी देवापुढे वाजत होती. तिला घराबाहेर काढावे असे गावात कुणाच्या मनातही आले नाही. हौशी माणसांनी त्या काळात पेटी टिकवली, ती वाद जिंकून नव्हे. नुसती वाजवत राहून.

मग गिटारनेच काय घोडे मारले? तिचे पडदे बारा सारख्या भागांचे, हे खरे. पण हा दोष आम्ही पेटीला माफ केलेला आहे. उलट गिटारची तार बोटाने खेचता तरी येते. आपल्या शेजारच्या गोव्यात मांडो गाताना व्हायोलिन, घुमट आणि गिटार एकत्र नांदतात. आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर गिटार आडवी घेऊन, तारेवर दांडी फिरवून सगळ्या मींडी काढून दाखवल्या. १९६७ साली शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांनी वाजवलेली 'कॉल ऑफ द व्हॅली'ची तबकडी आजही ऐकली जाते. वाद्याची जात त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. ते कुणाबरोबर बसते यावरून ठरते.

हे सारे मी मास्तरांना एका संध्याकाळी बाणगंगेच्या काठाने फिरताना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझे म्हणणे पटते. पण कान ऐकत नाही, त्याला काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. इतिहासाने कान वळत नाहीत.

वळवले ते पालखीने. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा फलटणला मुक्कामाला येतो. या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आमच्याच सातारा जिल्ह्यातले, आरफळचे. शिंद्यांच्या पदरची सरदारी सोडून आलेले. हौशी संगीताचा एवढा मोठा मेळा जगात दुसरा असेल असे मला वाटत नाही. एक वीणा, एक-दोन मृदंग आणि ओळीने टाळकरी. कुणाची परीक्षा नाही, कुणाला बिदागी नाही. ज्याला ताल धरता येतो तो आत, आणि ज्याला येत नाही तो चालता चालता शिकतो.

त्या रात्री एका दिंडीच्या तंबूत आम्ही भजन ऐकायला गेलो. पाहतो तो टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत तबलेवाल्यांचा नातू! कुणीतरी हातात टाळ दिला असावा. आधी तो चाचपडला, शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्याने नुसते मानेने त्याला सम दाखवली, आणि दोन चरणांत पोरगा ठेक्यात आला. मास्तर बराच वेळ पाहत उभे होते. परतताना एवढेच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने त्याला विचारलं नाही, तू कुठून आलास म्हणून."

पुढल्या शनिवारी गिटार आली. पहिला अर्धा तास सुरावर आणण्यात गेला. पेटी काही कुणासाठी खाली-वर होत नाही. तिच्या काळी दोनकडे तंबोरा आला, हातोडीचे ठोके खात तबला आला, आणि खुंट्या पिळत पिळत गिटारही आली. पोराने आधी आपल्या सवयीने तीन-चार सूर एकदम छेडले, तेव्हा गाणाऱ्यांची वाटच चुकली. मग मास्तर म्हणाले, "अरे, सगळे एकदम कशाला? सा आणि प, दोनच ठेव. बाकीचे आम्ही पाहून घेतो." त्याने तसे केले. भजनी ठेक्यावर ते दोन सूर असे काही डुलू लागले की आजोबांनी तबल्यावरून मान वर केली आणि नातवाकडे पाहून हसले. अभंग संपला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तरांनी फक्त विचारले, "पुढला कुठला घ्यायचा?" आणि तो प्रश्न त्यांनी पोराकडे पाहून विचारला होता.

मास्तर आज नाहीत. त्यांचा तंबोरा ओसरीच्या कोपऱ्यात गवसणी घालून ठेवला होता. यंदा तो नातू नोकरीवरून रजा काढून आला आणि तंबोरा मिरजेला घेऊन गेला. तलवारी घासणाऱ्या शिकलगारांनी ज्या गावात तंबोरे घडवायला सुरुवात केली, आणि ज्या गावाच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या एका कारागिराकडून त्याने जवारी काढून आणली. तारा नव्या घातल्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी तो तंबोरा पुन्हा बैठकीत येईल. धरणार कोण, हे अजून ठरलेले नाही. ज्याच्या हाती टाळ नसेल, तबला नसेल, तो धरील.

फराळाचे डबे संपायच्या आत आपणही आपल्या घरातली माळ्यावरची पेटी एकदा खाली काढा. भाता फाटला असेल तर चिकटपट्टी लावा. शेजाऱ्यांना बोलवा. आणि शेजाऱ्याच्या मुलाकडे गिटार असेल, तर त्याला सा आणि प दाखवून जवळ बसवा.