पाण्यातील रासायनिक बंध

पाण्यात दोन प्रकारचे बंध आढळतात: रेणूच्या अंतर्गत सहसंयुज बंध आणि रेणूरेणूंमधील हायड्रोजन बंध.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंशी इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने जोडलेला असतो. या दोन बंधांमधील कोन सुमारे १०४.५ अंश असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढत असल्याने त्यावर अंशतः ऋण, तर हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो. त्यामुळे एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. त्याची ऊर्जा सहसंयुज बंधाच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच असते.

पाणी उकळताना हायड्रोजन बंध तुटतात, रेणू मात्र अभंग राहतात; म्हणूनच वाफ हे पाण्याचेच रूप होय. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुणे शहरात हवेचा दाब कमी असल्याने सुमारे ९८ अंशांना. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू अधिक जड असूनही, प्रभावी हायड्रोजन बंधांअभावी, तो उणे ६० अंशांनाच उकळतो. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधला जाऊन पोकळ रचना तयार होते; त्यामुळे बर्फ पाण्यावर तरंगतो.

पुणे विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूसमूहांचे लहान भाग पाडून त्यांची ऊर्जा संगणकाने काढण्याची पद्धत विकसित केली. पाण्याच्या रेणूसमूहांच्या अभ्यासातही ती वापरली गेली.