वर्दी आणि हिजाब

आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीने एकदा विचारले, "सर, हिजाब घालून फौजेत अफसर होता येतं का?" मुली हसल्या. आम्ही मात्र हसलो नाही. तिचाच सवाल २०१६ साली अमेरिकेतील एका नामांकित लष्करी कॉलेजापुढे आला होता आणि त्याचे उत्तर देताना त्या कॉलेजाला बराच विचार करावा लागला होता.

अमेरिकेत सगळेच लष्करी अधिकारी वेस्ट पॉइंटमधून येत नाहीत. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीचा लाभ मिळालेल्या कॉलेजांवर शेतकी आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी डावपेच शिकविण्याची अट घातली. पुढे १९१६ च्या कायद्याने आरओटीसी, म्हणजे विद्यापीठांतील राखीव अधिकारी प्रशिक्षण दल, उभे केले. विद्यार्थी पहाटे कवायत करतो, दिवसा वर्गात बसतो आणि पदवीबरोबर कमिशन घेऊन बाहेर पडतो. आपली एनसीसी १९४८ ची. तिच्यातून थेट कमिशन मिळत नाही; पण 'सी' सर्टिफिकेट असलेल्या कॅडेटला विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षा माफ असते.

दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरी 'द सिटाडेल' हे १८४२ चे कॉलेज आहे. तिथे सगळे कॅडेट बराकीत राहतात. पहिल्या वर्षाच्या मुलांचे डोके इतके बारीक भादरतात की त्यांना 'नॉब', म्हणजे दाराची मूठ, असेच म्हणतात. प्रवेश मिळालेल्या एका मुस्लिम मुलीने तिथे हिजाबची परवानगी मागितली. मे २०१६ मध्ये कॉलेजचे अध्यक्ष, निवृत्त लेफ्टनंट जनरल जॉन रोझा यांनी नकार कळविला. त्यांचे म्हणणे असे की, सर्वांचा पोशाख आणि सर्वांचे रूप एकसारखे असणे हाच तिथल्या शिक्षणाचा पाया आहे; त्यातूनच कॅडेट 'मी' विसरून तुकडीसाठी जगायला शिकतो.

हे म्हणणे आम्ही झटकून टाकणार नाही. हातगाडीवाल्याचा मुलगा आणि दुकानमालकाचा मुलगा एकाच निळ्या शर्टात एका बाकावर बसतात, तेव्हा गणवेशाची बरकत काय असते ते आम्ही शिक्षक रोज पाहतो. पण रोझासाहेबांच्या कॉलेजची परंपरा तरी कोठे अचल होती? तिथे पहिला कृष्णवर्णीय कॅडेट १९६६ साली आला. पहिली मुलगी १९९५ साली आली, तीही कोर्टाचा हुकूम घेऊन. आठवडाभरात ती परत गेली तेव्हा मुलांनी जल्लोष केला. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या एका लष्करी कॉलेजविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सिटाडेलचे दार मुलींसाठी कायमचे उघडले. प्रत्येक वेळी परंपरा बुडते अशीच हाकाटी झाली. कॉलेज बुडाले नाही.

त्याच वर्षी व्हरमाँटमधील नॉर्विच विद्यापीठाने एका मुस्लिम विद्यार्थिनीला वर्दीसोबत हिजाब घालू दिला. नॉर्विच काही नवखे नाही. १८१९ साली कॅप्टन ऑल्डन पार्ट्रिज यांनी स्थापन केलेली ही संस्था आरओटीसीचे जन्मस्थान समजली जाते. म्हणजे वयाने ते सिटाडेलहून थोरले. जुनेपणाच अडसर असता तर नकार नॉर्विचकडून यायला हवा होता!

मुस्लिमांच्या आधी या वाटेने यहुदी आणि शीख गेले होते. हवाई दलातील सिम्चा गोल्डमन हे यहुदी मानसशास्त्रज्ञ वर्दीवर छोटी धार्मिक टोपी घालत. त्यांना मनाई झाली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढच्या वर्षी संसदेने कायदाच बदलला आणि साध्या, नीटनेटक्या धार्मिक वस्त्राला मुभा दिली. न्यूयॉर्कजवळच्या हॉफस्ट्रा विद्यापीठातील एका शीख विद्यार्थ्याची कथा तर आणखी चमत्कारिक. आरओटीसीत भरती होण्यासाठी त्याने पगडी, केस आणि दाढीची सवलत मागितली. सैन्याचे उत्तर असे की, आधी भरती व्हा, मग अर्ज करा. आणि भरती व्हायचे तर आधी केस कापा! जून २०१५ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सुनावणीत उघड झाले की, २००७ पासून सैन्याने त्वचेच्या तक्रारींसारख्या वैद्यकीय कारणांसाठी एक लाखाहून अधिक जवानांना दाढी राखू दिली होती. खाजेसाठी चालते ते श्रद्धेसाठी का चालू नये, एवढाच मुद्दा उरला. जानेवारी २०१७ मध्ये सैन्याने पगडी, दाढी आणि हिजाबसाठी रीतसर नियम केले. पण ही वाट सरळ पुढेच जाते असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या प्रमुखाने दाढीविरुद्ध पुन्हा कडक भूमिका जाहीर केली.

आपल्याकडे काय झाले? रोझांच्या नकारानंतर सात महिन्यांनी, १५ डिसेंबर २०१६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील एका मुस्लिम जवानाची दाढीची याचिका फेटाळली. शिखांच्या केसांना जी मुभा आहे तिचा आधार 'धर्माने केस कापण्यास मनाई' हा आहे. इस्लाममध्ये तशी मनाई आहे काय, असे कोर्टाने विचारले तेव्हा वकिलांना त्यावर मतभेद आहेत असेच सांगावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये केरळ सरकारने शाळकरी पोलीस कॅडेटच्या गणवेशात हिजाबला नकार दिला. कारण दोन्हीकडे तेच: एकसारखेपणा. आम्हाला हे निकाल रुचले नाहीत. पण आमच्याच घरात दाढी आणि पर्द्याविषयी एकवाक्यता नसताना कोर्टाने ती कोठून आणावी, हा सवालही आम्हाला टोचतो.

ती नववीची मुलगी आता कॉलेजात आहे. मध्यंतरी ती एनसीसीचा फॉर्म घेऊन घरी आली. अम्मी राजी नव्हती, अब्बू गप्प होते. तिने विचारले, "सर, आधी भरती होऊ, की आधी हिजाबचं विचारू?"

आम्ही म्हटले, "आधी विचार. आणि तोंडी नको, लिहून विचार."

तिने आमच्याच टेबलावर बसून अर्ज लिहिला. मराठीत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या आम्ही दुरुस्त करून दिल्या.