पंच कुणाचा?

हरलेल्या प्रत्येक संघाला एक वाक्य पाठ असतं : ‘पंच त्यांचाच होता.’

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली की स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. टेनिस बॉलचं क्रिकेट, त्यातही अंडरआर्मचा वेगळा दर्दी वर्ग, आणि रात्री हॅलोजनच्या उजेडात कबड्डी. नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही मैदानावर जा, संध्याकाळपर्यंत हे वाक्य कानावर पडतंच. हल्ली ते यूट्यूब लाइव्हखालच्या कमेंट्समध्येही पडतं आणि त्यामागे हसण्याचे चार इमोजी असतात.

पण हे वाक्य फक्त आपलं नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ते शंभराहून जास्त वर्षं बोललं जातंय. तिथे सेल्टिक हा आयरिश कॅथलिक स्थलांतरितांमधून उभा राहिलेला क्लब, आणि रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा मानला जाणारा. पंच रेंजर्सकडे झुकलेले असतात, अशी सेल्टिकच्या चाहत्यांची जुनी भावना, आणि रेंजर्सच्या चाहत्यांकडे त्याला उत्तर म्हणून त्यांची स्वतःची यादी तयार. ऑक्टोबर २०१० मध्ये एका पंचाने सेल्टिकला पेनल्टी दिली आणि मग रद्द केली. निर्णय रद्द करणं नियमात बसत होतं. पण तो कसा बदलला याची जी हकिगत नंतर सांगितली गेली, ती खरी नव्हती हे बाहेर आलं आणि आग लागली. टीका इतकी वाढली की नोव्हेंबरअखेर स्कॉटिश पंचांनीच संप केला. त्या शनिवार-रविवारचे सामने इस्रायल, लक्झेंबर्ग आणि माल्टाहून आणलेल्या पंचांनी चालवले.

‘आपल्यातलं कुणी नको, बाहेरचा आणा.’ हा उपाय ऐकून मला ग्लासगोपेक्षा आपल्याकडचे जुने कागद जास्त आठवले.

परस्थळ

‘पंच’ हा शब्द मुळात मैदानावरचा नाही. तो गावच्या न्यायातून मैदानावर आला. पाचामुखी परमेश्वर, असं आपण म्हणतो. मराठेशाहीत वतनाचा, मानपानाचा तंटा गोतसभेपुढे जायचा. निवाड्याआधी दोन्ही पक्ष ‘ठरेल ते मान्य करू’ असं लिहून द्यायचे आणि जामीन द्यायचे. निवाड्याला हजर असलेल्यांच्या नावानिशी महजर तयार व्हायचा. हरणाऱ्याकडून ‘येजितखत’ लिहून घेतलं जाई, म्हणजे मी हरलो, माझा दावा खोटा ठरला, असा त्याच्याच तोंडचा कबुलीजबाब.

यातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे परस्थळ. इथले लोक समोरच्याच्या बाजूचे आहेत असं एखाद्या पक्षाला वाटलं, तर तो दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे निवाडा मागू शकत असे. ही मागणी म्हणजे गोताचा अपमान असं धरलं जात नव्हतं. संशय आहे हे गृहीत धरून त्याला एक वाट काढून दिलेली होती.

म्हणजे तटस्थ पंच ही कल्पना आपण विलायतेहून आणलेली नाही. इंग्रजांनी क्रिकेट आणलं, तेव्हा मात्र त्यांनी पंचही स्वतःचेच आणले.

पंच, प्रतिस्पर्धी आणि सरकार

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या मैदानावर एक विचित्र भांडण झालं. पारशी, हिंदू, मुसलमान पोरं जिथे क्रिकेट खेळायची, तिथेच गोरे साहेब पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची वाट लागायची. क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्ज केले. एकदा निर्णय त्यांच्या बाजूने झाला, मग साहेब लोकांनी वजन वापरलं आणि तो फिरवला गेला. पोलो खेळणारे आणि निर्णय देणारे एकाच क्लबात बसत होते. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्यावर १८९७ साली पुस्तकच लिहिलं.

१८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने रीतसर सुरू झाले. १९०६ मध्ये हिंदूंचा संघ युरोपियनांशी खेळला आणि १०९ धावांनी जिंकला. १९०७ पासून तिरंगी स्पर्धा, १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी. इतकी वर्षं एक गोष्ट ठरलेली होती : पंच युरोपियन. त्यातल्या कुणी जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला असं मी म्हणत नाही. कित्येक जण सचोटीचे असतील. पण तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाचाच जातभाई दोन्ही टोकांना उभा असेल, तर प्रत्येक पायचीत संशयास्पदच दिसणार.

हे बदललं १९१७ साली. त्या वर्षीपासून सामन्यात न खेळणाऱ्या संघांच्या समाजातले पंच नेमायचं ठरलं. हिंदू-पारशी सामना असेल तर पंच युरोपियन किंवा मुसलमान, युरोपियन-मुसलमान असेल तर हिंदू किंवा पारशी. म्हणजे देशावर राज्य करणारे साहेब ज्या सामन्यात खेळत होते, त्यात त्यांना बाद ठरवणारं बोट देशी माणसाचं असू शकत होतं. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण कोर्टकचेरीत, पोलीस ठाण्यात, रेल्वेत तेव्हा हे कुठे शक्य होतं? मैदानापुरतं ते शक्य झालं.

बाळूंचा पंच कोण?

इथे गोष्ट संपवली असती तर ती सुखान्त झाली असती. पण १९०६ च्या त्या विजयात चेंडू कुणाच्या हातात होता ते बघा. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात आधी मैदानाची निगा राखणारा कामगार होता. गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची, फलंदाजी मात्र वाट्याला नाही. पुढे हिंदू संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवणं अवघड होतं. मैदानात चेंडूला त्याचा हात लागलेला चालायचा. चहाच्या वेळी मात्र तो बाहेर, त्याच्यासाठी वेगळं मातीचं भांडं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पुण्याहून मुंबईला आले. पुणे-मुंबई रेल्वे तेव्हाही बोरघाट उतरून आमच्या कर्जतवरूनच जायची. मी रोज त्याच रुळांवरून कर्जत लोकलने कामाला जातो. फोनवर त्यांच्याबद्दल वाचताना दर वेळी वाटतं, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा हा माणूस हिंदू संघाचा कर्णधार कधीच का झाला नाही?

कारण तो निर्णय मैदानावरच्या पंचाचा नव्हता. तो जिमखान्याच्या निवड समितीचा होता. १९२० मध्ये कर्णधारपदासाठी पुन्हा डावललं गेल्यावर बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. वाद वर्तमानपत्रांत गाजला. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

म्हणजे १९१७ ते १९२३ या काळात एकाच स्पर्धेत दोन लढाया चालू होत्या. एक, निर्णय देणारा कोण असावा याची. दुसरी, निर्णय देणाऱ्याला आणि नेतृत्व करणाऱ्याला नेमणारा कोण असावा याची. पहिली लढाई नियमाच्या एका ओळीने जिंकता आली. दुसरीला तीन भावांचं खेळाडू म्हणून अख्खं आयुष्य लागलं.

लाहोरची गंमत

कसोटी क्रिकेटला हे शहाणपण यायला आणखी वेळ लागला. १९१२ च्या इंग्लंडमधल्या तिरंगी स्पर्धेचा अपवाद सोडला, तर यजमान देशाचेच पंच हा रिवाज होता. पाकिस्तानात पाहुणे संघ रडायचे, भारतात रडायचे, इंग्लंडमध्येही रडायचे. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहाने लाहोर कसोटीसाठी भारतातून दोन पंच बोलावले गेले : मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज खेळणार, निवाडा भारतीय देणार. अगदी १९१७ ची मुंबई.

निकाल काय लागला? आधीच्या फैसलाबाद कसोटीत घरच्या पंचांसमोर पाकिस्तानने वेस्ट इंडीजला ५३ धावांत गुंडाळून १८६ धावांनी हरवलं होतं. लाहोरला तटस्थ पंचांसमोर पाकिस्तान दुसऱ्या डावात ७७ वर बाद झालं आणि एक डाव १० धावांनी हरलं. एका सामन्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, वेस्ट इंडीजची गोलंदाजीही तशीच होती. पण ज्याने तटस्थ पंच मागितले तोच हरला, आणि त्या पराभवावर ‘पंच त्यांचाच होता’ म्हणायची सोय उरली नाही. तटस्थ पंचाचा खरा फायदा मला हा वाटतो : हरणाऱ्याला त्यामुळे शांतपणे हरता येतं. येजितखताचा हेतूही तोच होता.

१९९४ पासून कसोटीत एक तटस्थ पंच आला, २००२ पासून दोन्ही. तरी जानेवारी २००८ मध्ये सिडनीत आपल्या सगळ्यांचा भडका उडाला. तिथले स्टीव्ह बकनर जमैकाचे होते, म्हणजे पूर्ण तटस्थ. तरी पुढच्या पर्थ कसोटीतून त्यांना बाजूला व्हावं लागलं. त्याच वर्षी रिव्ह्यू पद्धतीचा पहिला प्रयोग झाला, आणि पुढे कित्येक वर्षं तिला विरोध केला तो आपल्याच मंडळाने.

डोळे कुणाचे?

मग पक्षपात खरा असतो की मनाचा खेळ? संशोधन सांगतं, दोन्ही. १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत फुटबॉलचा राडेबाज सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन अभ्यासकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवली. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे जितके फाउल दिसले, त्याच्या निम्म्याहून कमी डार्टमथच्या मुलांना दिसले. फिल्म तीच.

दुसरा प्रयोग २००२ चा, आणि तो थेट पंचांवर. इंग्लंडमध्ये चाळीस पात्र पंचांना एका सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. कुणी त्यांना विकत घेतलं नव्हतं. कानात गर्दी होती, इतकंच.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही स्वतःचा कोड स्वतः रिव्ह्यू करत नाही. लिहिणारा लबाड असतो म्हणून नव्हे, त्याला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून. पंचाचंही तसंच धरलं तर अर्धी भांडणं सौम्य होतील.

नाहीतर काय होतं ते आपण २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला पाहिलं. महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची लढत. पंचांनी राक्षेला चितपट दिलं. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. दाद लागली नाही आणि त्याने पंचाला लाथ मारली. मग अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण आयुष्यभराच्या मेहनतीनंतर ‘पुन्हा एकदा बघा’ म्हणायची भरवशाची वाट पैलवानाला दिसत नसेल, तर चारशे वर्षांपूर्वीचा परस्थळ मागणारा माणूस त्याच्यापेक्षा सुखी होता म्हणायचं.

आमच्या मैदानावर

आमच्याकडे आयोजक शहाणे आहेत. मोठ्या स्पर्धेला पंच दुसऱ्या गावचे बोलावतात. लाइव्हचा कॅमेरा असेल तर रनआउट परत बघतात. १९१७ चा नियम कुणी न शिकवता इथे पोहोचलाय.

दुसरी लढाई मात्र बाकी आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याला ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथली पोरं जबरदस्त खेळतात. त्यांचे संघ येतात, एंट्री फी भरतात, जिंकतातही. गेल्या काही हंगामांत मी पाहिलेल्या सामन्यांत वाडीवरचा गोलंदाज दिसला, रेडर दिसला, चीअर करणाऱ्या बाया दिसल्या. पांढरा शर्ट घालून मधे उभा राहिलेला वाडीवरचा पंच मात्र एकदाही दिसला नाही. कॉमेंट्रीच्या टेबलावर नाही, आयोजकांच्या खुर्चीवर नाही. त्यांच्या सामन्याला दुसऱ्या गावचा पंच असतो खरा. पण कुठलंही गाव घेतलं तरी तो गावातलाच असतो, वाडीतला नसतो. १९१६ पर्यंत मुंबईत असंच होतं : तटस्थ म्हणजे वेगळ्या क्लबातला साहेब.

मला कुणावर आरोप करायचा नाही. वाडीच्या संघाविरुद्ध एखादा निर्णय जातो, पोरं एकमेकांकडे बघतात आणि गप्प राहून पुढचा चेंडू टाकतात. ‘पंच त्यांचाच होता’ असं ती मोठ्याने म्हणत नाहीत, कमेंटही टाकत नाहीत. हे वाक्य ओरडायलाही मैदान थोडं तरी आपलं वाटावं लागतं.

पंचांची शिबिरं आणि परीक्षा असतात. त्यांची माहिती वाडीपर्यंत पोहोचवायला, दोन पोरांची फी भरायला आणि पुढच्या हंगामात त्यांना बोलवायला फार पैसे लागत नाहीत, एका स्पर्धेच्या बॅनरइतके लागतील. मग एखाद्या रात्री दोन मोठ्या गावांचा सामना असेल, शेवटची ओव्हर असेल आणि वाडीवरचा पंच बोट वर करेल. हरलेले ओरडतीलच. त्या रात्री पंच नेमका कुणाचा होता, एवढं मात्र त्यांना सांगता येणार नाही.