हिरडा, वहाण आणि बूट

प्रस्तुत लेखाचे निमित्त तसे किरकोळ आहे. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी पुण्यात हौसेने 'काउबॉय बूट' विकत घेतले. पोटरीपर्यंत येणारे, टोकदार चवड्याचे, तिरक्या उंच टाचेचे. ते घालून तो ऐन जुलैत मित्रांसमवेत ताम्हिणी घाटात गेला, चिंब भिजला आणि रात्री मुळशीतल्या मुक्कामी त्याने ते बूट शेगडीलगत वाळत ठेवले. सकाळी चामडे लाकडासारखे ताठ झाले होते आणि घोट्याजवळ तडे गेले होते. परतताना पौडला रस्त्याकडेला बसलेल्या एका वृद्ध चर्मकारांना त्याने ते दाखवले. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाले, "चामडं भिजलं म्हणून बिघडत नाही बाळा. ओलं असताना आगीपाशी नेलं की मरतं."

हे वाक्य भाच्याने मला फोनवर सांगितले आणि मी विचारात पडलो. कातड्याला एकदा मरण आलेले असतेच. कमावल्यानंतर त्याला जे दुसरे आयुष्य मिळते, तेही मरू शकते, ही जाण त्या बोलण्यात होती. आणि त्या दुसऱ्या आयुष्याचे एक औषध ज्या डोंगरांत पिकते, त्याच डोंगरांत हे बूट मेले होते.

ते औषध म्हणजे हिरडा. मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव, जुन्नर या सह्याद्रीच्या पट्ट्यात हिरड्याची झाडे आहेत. कोवळा, वाळलेला बाळहिरडा वैद्याकडे जातो. पक्व फळ कातडे कमावणाऱ्याकडे. त्याच्या सालीत वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके टॅनिन असते. चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस आणि मांस खरवडून काढलेले कच्चे कातडे हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवले, की त्याचे कुजणे थांबते. नुसत्या हिरड्याने कातडे पिवळसर होते, बाभळीने तांबूस. दोहोंच्या प्रमाणातून तो ओळखीचा मधासारखा रंग उतरतो. एकोणिसाव्या शतकात हाच हिरडा पोत्यांत भरून मुंबई बंदरातून विलायतेला जात असे, आणि तिथल्या चर्मालयांत त्याचा मोठा खप होता. म्हणजे गोऱ्या साहेबाचा बूट सह्याद्रीतल्या फळावर पोसलेला असण्याची शक्यता चांगलीच होती. ज्या आदिवासींनी तो हिरडा वेचला, ते मात्र अनवाणी होते. पुढे अमेरिकेत १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, आठवड्यांचे काम तासांवर आले आणि हिरड्याची सद्दी ओसरू लागली.

आता थोडे भाषेकडे वळू. मराठीत पायात घालायच्या वस्तूंना किती शब्द आहेत, आणि ते किती ठिकाणांहून आले आहेत! 'वहाण' हा संस्कृत 'उपानह्'चा प्राकृतातून आलेला वंशज. 'पायताण' हे 'पादत्राणा'चे घरगुती रूप. 'पैजार' फारसीतून आला, 'सपाता' पोर्तुगिजांकडून, 'बूट' इंग्रजांकडून. 'चढाव' नाजूक पायांसाठी, 'पुणेरी जोडा' लाल कातड्याचा आणि चोचदार. 'खेटर' हा शब्द तर घालण्यापेक्षा मारण्यासाठीच उरला आहे. पण वाक्प्रचार पाहा: जोडे मारणे, जोडे उचलणे, जोडे पुसणे, पायातली वहाण पायातच बरी. एकातही वहाणेला मान नाही. असे का, याचे सोपे उत्तर धुळीत आणि पायात सापडते; खरे उत्तर कातड्यात आहे.

कोणी म्हणेल, आपण तर पादुका पूजतो. भरताने सिंहासनावर ठेवल्या त्या पादुकाच, आणि १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी पालखीत ठेवून पंढरीला नेल्या त्याही पादुकाच. खरे आहे. परंतु पूजल्या जाणाऱ्या पादुका लाकडाच्या किंवा चांदीच्या असतात. कातड्याची वहाण देवळाच्या पायरीखालीच राहते. पूज्य पादत्राण आणि निंद्य पादत्राण यांतला भेद पायाचा नाही, चामड्याचा आहे. आणि म्हणून अखेरीस तो चामडे हाताळणाऱ्या माणसांचा आहे.

गावगाड्यात ही माणसे तीन ठिकाणी विभागलेली होती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले, कातडे कमावणे ढोरांकडे, शिवणे चांभारांकडे. चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्यांचा सविस्तर हिशेब आहे. आत्रे महसुली अधिकारी होते. बलुतेदारी ही शेतकऱ्याला नाडणारी आणि कामाच्या मानाने महागडी व्यवस्था आहे असे त्यांचे मत होते. ते वाचताना जाणवते, की हिशेब मांडणारा खळ्यावर उभा आहे, चांभाराच्या ओसरीवर नाही. देशावर विहिरीची कातडी मोट होती, तिला वरचेवर टाके पडत, चाबूक, नाडे, वाद्या लागत. चांभाराला काम आणि बलुते दोन्ही होते. मावळात भातखाचरे पावसावर पिकतात, मोटेला फारसे काम नाही, आणि वर्षातले चार महिने कोणी वहाण घालत नाही. अशा मुलखात नुसत्या वहाणांवर चांभाराचे पोट कितपत भरत असेल, याचा विचार व्हायला हवा होता.

चार महिने वहाण न घालणे हे दारिद्र्याइतकेच शहाणपणाचेही लक्षण होते. झाडपाल्याने कमावलेले चामडे पाणी पिते, फुगते, टाके सैल करते. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी वहाणा पुसून, तेलाचा हात देऊन धुराच्या वाऱ्याला उंच टांगून ठेवणे आणि दसरा-दिवाळीला पुन्हा उतरवणे, ही आमच्या आजोळची रीत होती. धूर बुरशीला रोखतो, पण आच लागणार नाही इतके अंतर राखायचे. आजोबा एरंडेल वापरत, तेही थोडके. कारण जास्त तेलाने तळ मऊ पडून वहाण पसरते. नवी वहाण चावते, म्हणून पहिले काही दिवस ती घरातल्या अंगणातच घालायची. टेक्सासातला गुराखी आपल्या बुटांबाबत याहून निराळे काही करत नव्हता: ओले झाल्यास सावलीत वाळवायचे, अर्धवट ओले असतानाच चरबी चोळायची. त्याच्या बुटाची उंच टाच रिकिबीतून पाय पुढे घसरू नये म्हणून, उंच नळी काट्याकुट्यांपासून आणि घामेजल्या घोड्यापासून पोटरी वाचावी म्हणून. तो घोडेस्वाराचा बूट आहे. डोंगर चढणाऱ्या मावळ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. भाच्याला ताम्हिणीत ते पायांना कळलेच असणार.

वहाण कोणी घालावी हा प्रश्न मात्र ऋतूचा नव्हता. दलितांनी वरच्या जातींच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, हा दंडक अनेक गावांत विसाव्या शतकातही पाळायला लावला जाई. म्हणजे जो शिवतो त्यानेच घालायची नाही. गंमत अशी (आणि ती गंमत नाही), की जोडे उतरवायला लावण्याचा हा खेळ इंग्रजांनीही मांडला होता. दरबारात एतद्देशीय जोडे घालून येणे हा साहेबाचा अवमान समजला जाई; १८५४ साली सरकारने ठराव करून विलायती बूट आणि मोजे घालणाऱ्यांना त्यातून सूट दिली. देशी जोडा अपवित्र, विलायती बूट सभ्य! या भेदाने आमचे शिष्ट लोक दुखावले, वर्तमानपत्रांतून त्यावर वाद झाले. त्यातल्या किती जणांना आपल्या गावातली तीच रीत आठवली, हा प्रश्न मला या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

बुटाने काही माणसांना उभेही केले. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या पलटणीत भरती झालेल्या महार शिपायाच्या पायात सरकारी बूट आला. पेन्शन घेऊन तो गावी परतला तेव्हा त्याला तोच जुना दंडक पुन्हा पाळायला सांगणे सोपे राहिले नाही. गोपाळबाबा वलंगकरांसारखे पेन्शनर १८८० च्या दशकात अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले, त्यामागे हा पलटणीतला अनुभव होता. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबवली गेली, त्याची झळ म्हणूनच फार खोल होती.

इथे पुण्याच्याच एका माणसाची आठवण येते. पाळवणकर बाळू हे चांभार समाजातले, पुण्याच्या मैदानांवर कामाला लागून गोलंदाज झालेले. हिंदूंच्या संघात त्यांना घेतले, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा. क्रिकेटचा चेंडू चामड्याचाच असतो. त्यांनी टाकलेला तो चेंडू झेलताना सवर्ण खेळाडूंना विटाळ होत नव्हता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ठाऊक असते. त्यामानाने माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) कमी वाचले जाते. चर्मकार कुटुंबातला एक शिक्षक कोकणातल्या खेड्यात रोजनिशी लिहितो आहे. गावाच्या लेखी शिकूनही त्याचा हात कातड्याचाच राहतो. 'गावगाडा' आणि ही रोजनिशी शेजारी ठेवून वाचावी असे मी वर्गात सांगत असे. पहिल्यात चांभार हा हिशेबातला रकाना आहे, दुसऱ्यात तोच हिशेब लिहितो आहे.

कोल्हापुरीबद्दल सर्वांना माहिती आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. राजर्षी शाहूंच्या काळात तिला राजाश्रय मिळाला. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढली आणि कारागिरांना चामडे मिळणे अवघड झाले, हे मात्र कौतुकाच्या लेखांत क्वचितच येते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, कारागिरांचे नाव न घेता. गदारोळ झाला, कंपनीने उगम मान्य केला. अभिमान दुखावलेल्यांत पायातली वहाण पायातच बरी म्हणणारेही पुष्कळ होते.

दिवाळीनंतर मी भाच्यासोबत पौडला गेलो. त्या बाबांनी तडे गेलेल्या जागी आतून चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून, आरीने बारीक टाके घातले होते. वरून पाहता दिसत नव्हते. मी हिरड्याचा विषय काढला. ते म्हणाले, "आमचा म्हातारा वासावरून सांगायचा कातडं कशात कमावलंय ते. आता सगळ्याला एकच वास येतो." त्यांच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या. मी पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. "पावसाच्या आहेत," म्हणाले, "बदलायच्या राहिल्या."