साठीआधीचे कामगार

अमेरिकेतील साउथ बेंड शहरी स्टुडबेकर बंधूंनी १८५२ साली लोहारकामाचे दुकान थाटले. पुढे तेथे घोडागाड्या व मोटारी होऊ लागल्या. डिसेंबर १९६३ मध्ये मात्र तेथील मोटारनिर्मिती बंद पडली आणि निवृत्तिवेतनाचा निधी अपुरा असल्याचे उघडकीस आले. साठी गाठलेल्या जुन्या कामगारांना ठरलेले वेतन पूर्ण मिळाले. परंतु चाळिशी व साठी यांच्या दरम्यानच्या सुमारे ४,००० जणांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी अवघे १५ टक्के पडले. त्यांतील कित्येकांची उमेद त्याच कारखान्यात सरली होती.

अशा प्रकारांना आळा घालणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली ती २ सप्टेंबर १९७४ रोजी, तेथील कामगारदिनी. त्यातच एक नवी सोय होती. ज्याच्या मालकाकडे निवृत्तिवेतनाची योजनाच नाही, त्याने स्वतःच्या नावे खाते उघडून मिळकतीचे १५ टक्के किंवा १,५०० डॉलर, यांतील कमी असेल ती रक्कम दरसाल भरावी. प्राप्तिकर द्यायचा तो पैसे काढताना. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढल्यास वर १० टक्के दंड. (हे अर्धे वर्ष कायदेपंडितांनाच सुचावे!) १९८१ च्या कायद्याने ही सोय सर्व कमावत्यांना खुली झाली.

तथापि मालकाच्या वचनाचा भार येथे कामगाराच्या शिलकीवर आला. ज्याच्याजवळ महिनाअखेर काही उरतच नाही, त्याने काय भरावे? २००१ साली अल्प मिळकतीच्या बचतदारांसाठी करात वेगळी सूट ठेवण्यात आली; परंतु ज्याला करच लागत नव्हता, त्याच्या पदरात तीही पडली नाही.